दाराला लावलेलं वल्हं

यमू गेल्याची बातमी आमच्या पायरीवर दोन तास बसून होती आणि मी आत झोपले होते.

मुंबईहून इस्पितळात फोन आला तो भर दुपारी. यमूच्या हाताखाली काम केलेल्या शेवंती नर्सने तो घेतला आणि ती उन्हातून धावतच आमच्या घरी आली. पडवीच्या दोन खांबांमध्ये वल्हं आडवं लावलेलं होतं. आमच्या घराची ओळख असलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ माहीत आहे. दोन ते चार या घरातल्या कुणाला उठवायचं नाही. उठवायचं तर एकाच कारणाने, कुणाला रक्त जात असेल, कुणाचा जीव अडला असेल तर. शेवंतीने वल्ह्याला हात लावला, मग हात मागे घेतला आणि ती पायरीवर बसली. चार वाजता मी वल्हं काढायला आले तर ही गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. मला बघून उठली आणि म्हणाली, "आक्का, बाई नेहमी सांगायच्या, जे आता बदलायचं नाही त्यासाठी कुणाची झोप मोडू नये. मला काय करावं कळेना... बाई गेल्या हो, आक्का."

नंतर लोकांनी शेवंतीला फार बोल लावला. सख्खी बहीण गेली आणि ही बया दारात बसून राहिली, असली कसली शिस्त, असं आमच्या पाखाडीतल्या बायका म्हणाल्या. मला तिचा राग आला नाही. आजही नाही. तशी झोप मला त्यानंतर लागलेली नाही, आणि ती शेवटची झोप मला यमूच्याच नेमाने मिळाली. त्या दिवशी शेवंतीला जवळ घेऊन मी म्हटलं, "बरोबर केलंस." आता महिना उलटून गेला तरी माझं म्हणणं तेच आहे.

यमू माझी धाकटी बहीण. लोक तिला डॉक्टर यमुनाबाई म्हणत. पोटात गाठ निघाली म्हणून ऑपरेशनला मुंबईला गेली, आमच्या चुलत भावाकडे. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाली. एसटीच्या खिडकीशी बसली होती, मी खाली उभी. गाडी सुटायच्या आधी म्हणाली, "आक्का, दुपारी वल्हं लावत जा हां. मी नसले तरी."

"तू नाहीस तर कुणासाठी लावू?"

"नलिनीसाठी लाव. आणि तुझ्यासाठी. तू काय लाकडाची आहेस?"

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. पंचेचाळिशी नुकतीच ओलांडली होती तिने.

मी हे लिहायला बसले त्याला कारण ती शोकसभा. यमूचं तेरावं झाल्यावर इस्पितळाच्या आवारात सभा झाली. यमू तिथे बायकांच्या विभागाची डॉक्टर होती, आणि मुंबईच्या कॉलेजातून सहा-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या नव्या डॉक्टरांना शिकवण्याचं कामही तिच्याकडेच होतं. इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी भाषण केलं. भले गृहस्थ आहेत, बोलले ते मनापासून. पण ते म्हणाले, यमुनाबाई तहानभूक विसरून राबल्या. रात्र म्हटली नाही, दिवस म्हटला नाही. दिव्यासारख्या जळल्या आणि विझल्या. मग समोर बसलेल्या नव्या डॉक्टरांकडे हात करून त्यांनी सांगितलं, तुम्हीही असंच जळायला शिका. सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत डॉक्टर नलिनी बसली होती. ही यमूची विद्यार्थिनी. शिकून झाल्यावर इथेच नोकरी धरून राहिली, सध्या यमूचं काम तीच बघते आणि आमच्या पडवीलगतच्या खोलीत राहते. तिनेही मान खाली घातली, आणि मला मागून त्या पोरीच्या मानेची हाडं दिसली. यमू गेल्यापासून ती धड जेवली नव्हती. आता तर तिला न जेवायला कारणच मिळालं.

मी मागे बायकांत बसले होते. उठून सांगावंसं वाटलं, अहो, कोण तहानभूक विसरलं? यमू? एक वाजता पान वाढलेलं नसलं तर ती माणसांतून उठायची. बांगड्याचं तिखलं असलं की साडेबारालाच स्वयंपाकघरात येऊन भांड्यावरचं झाकण काढून बघून जायची. आणि दुपारी झोपली की अशी घोरायची की मांजर उठून अंगणात जायचं. ही म्हणे जळली. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, पण चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. लहानपणापासून तसंच आहे. सभा उठली, मी घरी आले. तेव्हापासून ते भाषण माझ्या डोक्यात फिरतंय... माझी बहीण जळली नाही. तिने ठरवून स्वतःला जळू दिलं नाही. त्यासाठी टोमणे खाल्ले, मोठी जागा गमावली, मनातल्या मनात स्वतःशी भांडली. तिच्या आयुष्यातलं हे सगळ्यात अवघड काम होतं, आणि तेच लोकांनी पुसून टाकलेलं मला चालणार नाही.

आमचं गाव आरे-वारेच्या बाजूला, समुद्राच्या अगदी काठाशी. बाबांची लहान होडी होती. आई लवकर गेली, तेव्हा मी चौथीतून घरी बसले आणि यमू शाळेत गेली. पाऊस तोंडावर आला की गावातल्या सगळ्या होड्या वर काढायच्या, हा आमच्याकडचा रिवाज. ओंडक्यांवरून ढकलत ढकलत माडांपर्यंत आणायच्या, नारळीच्या झापांनी शाकारायच्या, आणि वल्ही घरी आणून वाशांना टांगायची. मग नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे पाठ. घरात पेज आणि सुकट एवढंच असलं तरी कुणी होडी खाली नेत नसे. वल्हं घरात आलं म्हणजे बाबा घरात आले. त्या दिवसांत ते जाळी दुरुस्त करायचे, पोटभर झोपायचे आणि आमच्याशी बोलायचे. एरवी बोलायला त्यांना सवड कुठे होती? आम्हा दोघी बहिणींना बाबा कसे होते ते पावसाळ्यामुळे कळलं.

यमू मुंबईला डॉक्टर झाली आणि तिथल्याच मोठ्या कॉलेजात शिकवायला लागली. आम्हाला केवढा अभिमान. पण हळूहळू तिचं घरी येणं कमी झालं. गणपतीला नाही, शिमग्याला नाही. ऐंशी-एक्याऐंशीचा पावसाळा असेल, एकदा अचानक आली तर मी तिला दारात ओळखलं नाही. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं. पहिला दिवस ती झोपूनच होती. कॉलेजात दिवसा शिकवायचं, वॉर्ड बघायचा, कुणी आजारी पडलं की त्याचंही काम अंगावर घ्यायचं, उरलेल्या वेळात मोठ्या प्रोफेसरांची लिखापढी करून द्यायची. नाही म्हणायची तिथे पद्धतच नव्हती. जो जास्त जागेल तो जास्त चांगला डॉक्टर, असं सगळे समजत, आणि यमूही समजत होती.

दुसऱ्या दिवशी ती बाबांजवळ जाळ्यापाशी बसली आणि लहानपणीसारखी लाकडी सुई हातात घेतली. हे काम तिला डोळे मिटून येत असे. पण त्या दिवशी तिचे हात थरथरत होते. दोरा फासातून जाईना. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "या हातांनी बायांची पोटं शिवतेस?"

"शिवते."

"त्या बायांना माहीत आहे?"

यमूने सुई फेकून दिली. रागाने लाल झाली होती. म्हणाली, "तुमचं बरं आहे बाबा, पाऊस आला की होडी वर काढता. बाळंतपणाला पावसाळा नसतो. त्या बायांना काय सांगू, नारळी पौर्णिमेपर्यंत थांबा म्हणून?"

"तेही खरं," बाबा म्हणाले आणि सुई उचलून पुन्हा जाळं शिवायला लागले. उत्तर यमूनेच शोधलं. दोन-तीन दिवस ती चटईवर उताणी पडून वर टांगलेल्या वल्ह्यांकडे बघत होती. मग मला हाक मारून म्हणाली, "आक्का, सगळा पावसाळा एकदम घेता येत नाही. पण रोज थोडा थोडा घेतला तर?"

"म्हणजे काय गो?"

"रोज दोन तास. होडी वर."

मला वाटलं हिला ताप चढलाय. पण तिचं ठरलं होतं. मुंबईच्या कॉलेजची रत्नागिरीत शिकवण्याची जागा निघाली होती, ती कुणाला नको होती, यमूने मागून घेतली. बरोबरचे लोक म्हणाले, पळाली. म्हणू देत. इथे आल्यावर तिचे हात थरथरायचे थांबले. पळणाऱ्या माणसाचे हात असे शांत होत नाहीत. पुढच्याच वर्षी बाबा गेले. होडी चुलत्यांनी घेतली, एक वल्हं यमूने मागून घेतलं आणि मला आपल्याकडे राहायला आणलं. मीही तोवर एकटीच झाले होते. भाड्याच्या घरात सामान लावायच्या आधी तिने लोहाराकडून दोन आकडे करून आणले, पडवीच्या खांबांना ठोकले, आणि त्यांवर वल्हं आडवं ठेवून बघितलं. दोन पावलं मागे जाऊन म्हणाली, "झालं. आता हे घर आहे."

वल्हं म्हणजे काही कुलूप नव्हे. कुणीही एका हाताने उचलून आत येऊ शकत होतं, खालून वाकूनही येऊ शकत होतं. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "कुलूप लावलं तर लोक कुलपाशी भांडतील. वल्हं उचलायचं तर ज्याचं त्याला ठरवावं लागेल, की मी का उचलतोय." आणि एक गोष्ट तिने मला घोकून घ्यायला लावली. "रक्त असेल तर विचारत बसू नको. वल्हं काढ आणि मला हलव." तसं कितीदा तरी झालं. भाताचं ताट अर्धं टाकूनसुद्धा ती अनवाणी इस्पितळात धावलेली मी बघितली आहे. हे मी मुद्दाम लिहिते. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, बाईसाहेब झोपून राहिल्या आणि बाया मेल्या. तसं एकदाही झालं नाही.

कारण दार लावायच्या आधी दाराबाहेर कोण आहे ते ती बघून ठेवायची. नव्या डॉक्टरांना ती सकाळी कसून शिकवायची, आणि जेवणाच्या वेळेला वॉर्ड त्यांच्या हातात देऊन निघायची. "मी असेपर्यंत तुम्ही माझ्याकडे बघाल. मी गेले की पेशंटकडे बघाल," असं त्यांना सांगायची. ती पोरं पहिल्या आठवड्यात रडकुंडीला यायची. आणि यमूचं काय? लोकांना वाटायचं ही खुशाल झोपली. मला माहीत आहे, पहिले कितीतरी दिवस ती झोपलीच नाही. मी पाणी प्यायला उठले तर ही उताणी पडून टक्क उघड्या डोळ्यांनी कौलांकडे बघतेय.

"बाय, झोप गो जरा."

"झोपत्येय. तू बोलू नको."

झोपायला शिकणं तिला डॉक्टर होण्यापेक्षा कठीण गेलं असेल. पण शिकली. पहिल्यांदा घोरली त्या दिवशी मी देवाजवळ साखर ठेवली.

बाहेर दारावर मी असायची. मला तिने एकच वाक्य शिकवलं होतं, "डॉक्टर झोपल्यात, इस्पितळात डॉक्टर आहेत, तिकडे जा." एवढंच मी दाराआडून म्हणायची. एकदा आंब्याचे एक बडे व्यापारी मोटार घेऊन आले, बरोबर गरोदर सून. मी माझं वाक्य म्हटलं.

"ती शिकाऊ पोरं? ती हात लावणार आमच्या सुनेला?" व्यापारी म्हणाले. "उठवा तुमच्या डॉक्टरणीला. सरकार पगार झोपायचा देतं काय?"

तेवढ्यात सूनच हळू आवाजात म्हणाली, "आक्का, मला काही होत नाहीये हो. अजून महिना आहे. मामंजींनाच नातवाची घाई झाली आहे."

"तू गप्प बस," सासरे म्हणाले.

ती पायरीवर बसली. मी वल्ह्यावरून तिला पाण्याचा तांब्या दिला. पाणी प्यायली, आत पडवीतल्या चटईकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्याकडे दुपारी वीस माणसांचं जेवण असतं..." मी तिचा हात धरून तिला वल्ह्याखालून आत घेतलं. चटईवर टेकली आणि जी झोपली ती चार वाजेपर्यंत. सासरे रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. चार वाजता यमू बाहेर आली आणि म्हणाली, "ही कोण?"

"पेशंट."

"काय होतंय तिला?"

"झोप येतेय."

"मग इलाज झालाय की," असं म्हणून यमूने तिला नीट तपासलं, आणि व्यापाऱ्यांना बजावलं, हिला रोज दुपारी झोपवा, औषध समजून. घरी जाऊन त्यांनी काय केलं देव जाणे. पण पुढे गावभर झालं की यमुनाबाईंच्या घरात वल्ह्याच्या आत गेलं की कुणालाही झोप लागते.

नलिनीचीही एक दुपार सांगते. ती तेव्हा नवीन होती. एक बाई अडली, मूल पायाळू. एक नर्स वल्हं काढायला आमच्याकडे निघालीसुद्धा. नलिनीने तिला दारातून परत बोलावलं, म्हणाली, "थांब, हे मला सकाळीच शिकवलंय." चार वाजता ती स्वतः आली, कपड्यांवर डाग, केस सुटलेले, आणि म्हणाली, "बाई, झालं. दोघं सुखरूप आहेत." यमू चहा पीत होती. म्हणाली, "मला काय सांगतेस? बाळाच्या आजीला जाऊन सांग." नलिनी पळाली. मग यमू उठून स्वयंपाकघरात आली, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. म्हणाली, "आक्का, आज मी खरंच झोपले होते गो."

याच सवयीची तिने किंमत दिली. मुंबईच्या कॉलेजात प्रोफेसरची जागा रिकामी झाली. यमूचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या बायांच्या पांडुरोगावर तिने जे लिहिलं होतं ते परदेशातल्या मासिकातसुद्धा छापून आलं होतं. ते सगळं तिने पहाटे, चहा झाल्यावर, डोकं ताजं असताना लिहिलेलं. रविवारी ती वहीला हात लावायची नाही, समुद्रावर जायची. शिफारस मोठ्या डॉक्टरांची हवी होती. ते आमच्या घरी आले, पडवीत बसले, माझ्या हातचे पोहे खाल्ले आणि म्हणाले, "यमुनाबाई, तुम्ही एक वर्ष हे दुपारचं आणि रविवारचं सोडा. लोक बोलतात. मला वर काय लिहू? तुमच्याइतकं हुशार इथे कुणी नाही, पण तुमच्यात त्याग दिसत नाही."

यमू म्हणाली, "साहेब, वहिनींची तब्येत कशी आहे?"

"बरी आहे," ते म्हणाले. "का?"

"नाही, त्याग तुमच्या घरात त्यांनीच केलाय म्हणून विचारलं. तुम्ही शेवटचं त्यांच्याबरोबर बसून कधी जेवलात?"

मोठ्या डॉक्टरांनी ताटली खाली ठेवली. ते रागावले नाहीत, पण शिफारस दुसऱ्याची गेली. यमूला वाईट वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. दोन दिवस ती माझ्याशीसुद्धा बोलली नाही. मीच शेवटी म्हटलं, "एक वर्षाचाच प्रश्न होता ना? केलं असतंस." तर म्हणाली, "एक वर्ष नसतं गो ते. मुंबईत मला एक महिना म्हणाले होते." आणि मग जेवायला बसली. एक वाजला होता.

आता ती गेली, तर विहिरीवर बायका मला म्हणतात, "काय गो आक्के, एवढं वेळेवर खाऊन, झोपून, जपून राहिली तुझी बहीण, आणि शेवटी काय उपयोग झाला?" म्हणजे बघा कसं आहे. सभेत म्हणतात ती जपली नाही म्हणून थोर, आणि विहिरीवर म्हणतात जपून तरी काय मिळालं. दोन्हीकडून यमूच खोटी. मी कळशी उचलली आणि आले. उत्तर इथे देते. गाठीला काय, ती कुणालाही होते. यमू जास्त जगायचं म्हणून झोपत नव्हती. बाबा काय अमर व्हायचं म्हणून होडी वर काढत होते? होडी फुटू नये, पुन्हा समुद्रात घालता यावी म्हणून काढत होते. यमूचे हात शेवटच्या दिवसापर्यंत थरथरले नाहीत. मुंबईला जायच्या आदल्या दिवशी तिने एका बाईला टाके घातले. घरी येऊन हात पुढे करून मला दाखवले आणि म्हणाली, "बघ." मी बघितले. तिला काय उपयोग झाला ते मी त्या हातांत बघितलंय. ज्यांना अजून विचारायचं आहे त्यांनी त्या टाके घातलेल्या बाईला विचारावं.

शोकसभेनंतर नलिनी अगदीच बिघडली. सकाळी चहावर जायची ती दिवस मावळल्यावर यायची. ताट झाकलेलं तसंच. मी म्हटलं तर म्हणायची, "आक्का, बाईंसारखं व्हायचंय ना." मी तिला कसं सांगू? सांगायला गेले की मी नुसतं ताट पुढे सरकवायची, आणि ती आपल्या खोलीत निघून जायची. मी रोज दुपारी एकटीसाठी वल्हं लावत होते. मग एक दिवस ती जिना उतरताना इस्पितळात पडली. फार लागलं नाही, गुडघा फुटला. शेवंती तिला धरून घरी घेऊन आली. शेवंतीने तिचे हात हातात धरून मला दाखवले. थरथरत होते. जाळ्यापाशी बसलेल्या यमूचे होते तसेच.

मी पेज केली, बरोबर लोणचं दिलं, समोर बसले आणि ताट रिकामं होईपर्यंत हलले नाही. ती रडत रडत जेवली. तिला म्हटलं, "बाईंसारखं व्हायचंय ना? मग बाई या वेळी काय करायच्या?" ती आत जाऊन आडवी झाली. मी शेवंतीला परत पाठवलं आणि वल्हं लावलं.

तासाभराने जीप आली. मोठे डॉक्टर स्वतः उतरले. डोळे लाल, दाढी वाढलेली. दुसऱ्या दिवशी मुंबईहून कॉलेजचे लोक पाहणीला यायचे होते. ते वल्ह्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, डॉक्टर नलिनीला जरा बोलवा. ती पडल्याचं कळलं मला, पण तयारी राहिली आहे."

मी नेहमीप्रमाणे दाराआड होते. माझं जुनं वाक्य इथे चालणार नव्हतं. इस्पितळातला डॉक्टरच दारात उभा. मी बाहेर आले. वल्ह्याच्या एका बाजूला ते, एका बाजूला मी.

"कुणाला रक्त जातंय का?" मी विचारलं.

"काय?"

"कुणाचा जीव अडलाय का?"

"नाही हो, कागदपत्रांचं काम आहे, थोडं..."

"मग चार वाजता या."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझा आवाज त्यांनी कधी ऐकलेला नव्हता, मीही फारसा ऐकलेला नाही. म्हणाले, "बाई, आज यमुनाबाई असत्या तर त्यांनी समजून घेतलं असतं."

"आज यमू असती तर हे वल्हं तिनेच लावलं असतं," मी म्हटलं. "तुम्ही सभेत बोललात ते सगळं खोटं होतं, साहेब. माझी बहीण रोज जेवायची. रोज झोपायची. नलिनीलाही तसंच व्हायचंय."

बोलताना मी वल्ह्यावर हात ठेवला होता. ते वल्हं मधोमध बाबांच्या हातांनी झिजलेलं आहे, तिथे खोलगट झालंय. माझा तळवा तिथे बरोबर बसला.

मोठे डॉक्टर वल्हं उचलू शकत होते. एका हाताचं काम. त्यांनी वल्ह्याकडे बघितलं, मग वळले आणि जीपमध्ये जाऊन बसले. मला वाटलं आता जीप जाईल. गेली नाही. फणसाच्या सावलीत तशीच उभी राहिली. मी आत जाऊन नलिनीकडे डोकावले, ती कुशीवर वळून गाढ झोपली होती. मग मीही आडवी झाले, पण मला झोप आली नाही.

चारला मी वल्हं काढायला उठले. जीप तिथेच होती. ड्रायव्हर झाडाखाली टॉवेल अंथरून झोपला होता, आणि आत मोठे डॉक्टर मान मागे टाकून, चष्मा पोटावर ठेवून, तोंड उघडं टाकून घोरत होते. यमूइतकं मोठ्याने नाही, पण घोरत होते.

मी वल्ह्याला हात लावला, आणि मग हात मागे घेतला. पायरीवर जाऊन बसले, शेवंती बसली होती तिथे. म्हटलं, आज थोडा वेळ आणखी लागलेलंच असू दे.